उकाड्याची नोंद

गांगुर्डे सरांचा हिशेब सरळ होता. सहा महिने मनगटाला एक पट्टा बांधून घ्यायचा, एका यंत्राशी बोलायचं, आणि त्या बदल्यात सेवानिवृत्तीनंतर सातमाळा विद्यापीठाचं मानद सल्लागारपद मिळवायचं. त्यात काय काय आलं? धरणाच्या बाजूला खिडकी असलेलं दालन आलं. दारावर पाटी आली. पदवीदानाच्या मिरवणुकीत झगा घालून चालणं आलं. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे, कुठे घोडं अडलं की “गांगुर्डे सरांना विचारा” हे वाक्य आणखी काही वर्षं कानावर पडत राहणार होतं. खर्चाच्या बाजूला काय, तर डोक्यात आहे ते सांगून टाकायचं. सांगितलं म्हणून ते डोक्यातून थोडंच जातं? म्हणजे निव्वळ नफा.

या नफ्याची त्यांना एवढी ओढ का, तेही सांगायला हवं. त्यांच्या आधीचे कुलसचिव निवृत्तीनंतर महिन्याभरातच कसल्याशा दाखल्यासाठी आले होते, तेव्हा फाटकावरच्या नव्या रखवालदाराने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं होतं. तीस वर्षं ज्यांच्या सहीवाचून इथलं पान हलत नव्हतं, ते खिसे चाचपत उन्हात उभे. गांगुर्ड्यांनी ते गाडीतून पाहिलं होतं, आणि गाडी न थांबवता आत नेली होती.

विद्यापीठ चालतं कशावर? कायद्यावर, असं कायद्यात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते चालतं कुणाच्या तरी डोक्यावर. कुलगुरू पाच वर्षांचे पाहुणे. येतात, ‘ज्ञान-व्यवस्थापन’ या विषयावर एक कार्यशाळा घेतात, फोटो काढतात आणि जातात. कुठल्या महाविद्यालयाला चौकशी समिती पाठवण्याआधी कुणाला फोन करायचा, कुठला ठराव मांडायचा आणि कुठला ‘पुढील बैठकीत’ ढकलायचा, हे कुठेही लिहिलेलं नसतं. कागदावर असतात फक्त दोन शब्द: ‘चर्चा करावी’. खरं ज्ञान त्या चर्चेत, आणि चर्चा बंद दारामागे. मग एका विद्यापीठात वित्त अधिकारी अचानक वारले आणि सबंध सत्र तिथलं कामकाज ठप्प झालं, कारण कुठली गाठ कुठे मारलीय हे त्यांनाच ठाऊक होतं. तेव्हा सरकार जागं झालं. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याचं ज्ञान यंत्रात उतरवून घ्यायचं, असा आदेश निघाला.

यंत्राचं सरकारी नाव ज्ञानसेतू. कर्मचाऱ्यांनी आठवड्याच्या आत त्याचं बारसं पुन्हा केलं: डिवच्या. का, ते रुबिना तांबोळींनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. त्या यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंता. चाळिशीतल्या, बोलायला रोखठोक.

“सर, तुमच्या आईला कधी विचारलंत का, आमटीत मीठ किती घालतेस?”

“अंदाजाने, म्हणायची.”

“आता तिच्यादेखत आमटीत मूठभर मीठ टाकायला जा.”

“हात धरेल माझा.”

“तेच आमचं शास्त्र. माणसाला काय येतं ते विचारून कळत नाही, सर. त्याच्यासमोर चुकीचं केलं की कळतं.”

त्यांचं म्हणणं असं. अनुभवी माणसाचं ज्ञान त्याचं त्यालाच शब्दांत सापडत नाही. पण समोर चूक घडताना दिसली, की शब्द सुचायच्या आत शरीर हरकत घेतं. तळहाताला किंचित घाम येतो, नाडीचा एक ठोका पुढे पळतो, आवाज जरासा वर चढतो. पट्टा ही हरकत टिपतो. म्हणून यंत्र मुद्दाम चुकीच्या सूचना करतं, माणूस चिडतो, दुरुस्ती सांगतो. नुसता वैताग वेगळा आणि जाणकाराचा वैताग वेगळा. हजारो नमुन्यांवरून यंत्राला तो फरक ओळखता येतो. अशा दुरुस्त्या साठत गेल्या की त्यांच्यामागचा नियम ते शोधून काढतं, मग तो नियम माणसाने स्वतः कधी उच्चारलेला नसला तरी. जितका जास्त त्रागा, तितकं मोलाचं ज्ञान.

“म्हणजे मी सहा महिने चिडायचं?” गांगुर्डे म्हणाले.

“सर, नाहीतरी तुम्ही...” तांबोळींनी वाक्य तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून दालनात एक शांत, आदबशीर आवाज राहायला आला.

“सर, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांची मुदत गणपतीच्या दिवशी संपवतो.”

“अरे बाबा, त्या दिवशी कोण अर्ज भरतंय! मोर्चा येईल इथे.”

“नोंद घेतली. पिंपळदरी महाविद्यालयाला उद्याच चौकशी समिती पाठवतो.”

“पिंपळदरीला? सरळ समिती? आधी फोन करायचा!”

“प्राचार्यांना?”

“प्राचार्यांना कोण विचारतो तिथे! अध्यक्षांच्या मेहुण्यांना. आणि अकराच्या आत नाही. अकराला त्यांची पूजा आटोपते.”

“नोंद घेतली, सर. आभारी आहे.”

ते आभार सगळ्यात जास्त झोंबायचे. चिडलेल्या माणसाचे कुणी आभार मानू नयेत. गांगुर्डे संध्याकाळी घरी आले की सोफ्यावर कोसळत. पत्नी शैलजाताई मात्र प्रसन्न होत्या.

“तुमचा सगळा त्रागा विद्यापीठात खर्च होतो हल्ली. हे यंत्र लग्नातच आंदण मिळालं असतं तर!”

आता इंदुमती वाघचौरे. परीक्षा विभागाच्या उपकुलसचिव, गांगुर्ड्यांबरोबर बावीस वर्षं. विद्यापीठात कामं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना मालक असतो. आणि दुसरी, ज्यांना कुणीच वाली नसतो. दुसऱ्या प्रकारची सगळी कामं फिरत फिरत शेवटी वाघचौरे मॅडमच्या टेबलावर येत. हरवलेल्या उत्तरपत्रिका, दोन विभागांनी एकमेकांकडे टोलवलेले अर्ज, दिवाळीत लावायचे निकाल. त्या चष्मा पुसत, “ठेवा इथे” म्हणत, आणि काम होऊन जाई. संशोधन पुरं करायला त्यांनी तीनदा अभ्यासरजा मागितली होती. तिन्ही अर्जांवर गांगुर्ड्यांच्या अक्षरात ‘चर्चा करावी’. चर्चा काही झाली नाही, मार्गदर्शक निवृत्त झाले, आणि प्रबंध कपाटात गेला. पण गांगुर्ड्यांच्या मागे कुलसचिवपदाचा कार्यभार वाघचौऱ्यांकडेच जाणार, हे गृहीत होतं. खुद्द गांगुर्डेच म्हणाले होते, “मॅडम, थोडं थांबा. माझी खुर्ची तुमचीच आहे.” त्या थांबल्या. थांबण्याचा सराव होताच.

डिवच्या अधूनमधून त्याही बाजूने डिवचे.

“सर, दिवाळीतल्या निकालाचं काम डॉ. निकुंभांच्या नियोजन विभागाला देतो.”

“निकुंभांना? तो माणूस तासाभरात कुलगुरूंच्या दालनात असेल. वाघचौरे मॅडमना द्या.”

“बोगस गुणपत्रिकांच्या चौकशीसाठी निकुंभ सरांचं नाव घालतो.”

“छे! वाघचौरे.”

“वसतिगृहातल्या पाण्याचा प्रश्न कुणाच्याच अखत्यारीत नाही, सर. निकुंभ सर?”

“तुला किती वेळा सांगायचं रे! मॅडमना दे, त्या बघतील.”

“नोंद घेतली, सर. आभारी आहे.”

जानेवारीत कुलगुरूंच्या सभागृहात प्रात्यक्षिक ठरलं. कुलगुरू डॉ. बोडस, विभागप्रमुख, तांबोळी, निकुंभ, वाघचौरे, सगळे हजर. थंडी अशी, की निकुंभांनी मफलर सोडला नव्हता आणि चहाचे कप सगळ्यांनी दोन्ही हातांत धरले होते.

बोडसांनी हौसेने विचारलं, “ज्ञानसेतू, आमच्या गांगुर्ड्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवाचं सार काय?”

“सर, दुरुस्त्या पुष्कळ आहेत,” डिवच्या म्हणाला. “पण सर्वांत जास्त दुरुस्त्यांमागे एकच नियम आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर नियमावलीत नाही, तो प्रश्न जी व्यक्ती तक्रार करणार नाही तिच्याकडे पाठवावा.”

गांगुर्ड्यांच्या कानशिलांना आग लागली. आता कुणीतरी म्हणणार, हे काय, अशी चालवता संस्था?

बोडस खदखदून हसले. “अहो गांगुर्डे, हे तर सगळ्याच विद्यापीठांचं गुपित! पण इतक्या नेमक्या शब्दांत आजवर कुणी मांडलं नव्हतं. काम होतं आणि कुरबूरही नाही. वा!” विभागप्रमुखही हसले. निकुंभांनी तर टाळी दिली. वाघचौरे मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“बरं,” बोडस म्हणाले, “मग गांगुर्ड्यांच्या मागे कार्यभार कुणाकडे द्यावा, तेही सांगून टाक.”

“डॉ. निकुंभ यांच्याकडे, सर.”

“वाघचौरे मॅडम ज्येष्ठ आहेत ना?”

“होय सर. पण नियमावरून असं निघतं, की भार वाहणाऱ्या व्यक्तीला जागेवरून हलवू नये. हलवल्यास भारासाठी नवी व्यक्ती शोधावी लागेल.”

बोडसांनी मान डोलावली. निकुंभांचे मंत्रालयात कुणाकुणाशी संबंध आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. बोडसांना हवं होतं तेच यंत्राने सांगितलं होतं. “गांगुर्डे, तुमचं काय मत?”

वाघचौरे मॅडम आता सरळ गांगुर्ड्यांकडे पाहत होत्या. रागाने नव्हे. बस उशिरा येणार हे कळल्यावरही माणूस रस्त्याच्या वळणाकडे पाहत राहतो, तसं.

गांगुर्ड्यांना एक वाक्य बोलायचं होतं. ‘हे चूक आहे, खुर्ची मॅडमची आहे.’ वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याच्या शेजारी धरणाकडची खिडकी उभी राहिली, दारावरची पाटी उभी राहिली, फाटकावरचा रखवालदार उभा राहिला. सल्लागारपदाच्या आदेशावर बोडसांची सही अजून व्हायची होती. गांगुर्डे गप्प बसले.

गप्प बसणंही आता पूर्वीसारखं खाजगी राहिलं नव्हतं.

“सर,” डिवच्या आदबीने म्हणाला, “आपल्या नाडीचे ठोके आणि तळहाताचा घाम आजवरच्या नोंदींत सर्वांत जास्त आहे. ही सूचना आपल्याला चुकीची वाटते असं दिसतं. दुरुस्ती सांगता का?”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“नाही, नाही,” गांगुर्डे म्हणाले. “उकाडा आहे जरा.”

“सभागृहाचं तापमान सोळा अंश आहे, सर.”

“तरीही,” गांगुर्डे म्हणाले, आणि रुमालाने कपाळ पुसलं.

यंत्र एरवी ताबडतोब बोलायचं. या वेळी त्याने जरा वेळ घेतला. “नोंद घेतली, सर. आभारी आहे.”

रात्री जेवताना शैलजाताईंनी सगळं ऐकून घेतलं. “जानेवारीत उकाडा?” त्या म्हणाल्या. “एखादी ठसका लागल्याची तरी थाप मारायची. मुकी बिचारी कुणी हाका, दुसरं काय! त्या बाईंना आता तोंड कसं दाखवणार?”

“सल्लागार झालो की मी मागून त्यांचं काहीतरी करीन.”

“चर्चा कराल,” शैलजाताई म्हणाल्या आणि ताट उचललं.

निकुंभ कुलसचिव झाले, गांगुर्डे सल्लागार. पट्टा मनगटावर तसाच राहिला, आणि वाली नसलेली कामं वाटायचं काम डिवच्याकडे गेलं. खिडकीतून धरण खरंच सुरेख दिसत होतं. पहिले काही आठवडे ते पाहायला भरपूर वेळ होता.

वाघचौरे मॅडमनी मात्र प्रात्यक्षिकातून सगळ्यांपेक्षा जास्त घेतलं होतं. बावीस वर्षं आपल्या नशिबाला जे त्या दोष देत होत्या, तो नशिबाचा भाग नसून एक नियम आहे हे त्यांना कळलं. आणि परीक्षा विभागात हयात गेलेल्या बाईला नियम म्हटला की त्याची पळवाट दिसतेच. त्यांनी तक्रार करायला सुरुवात केली. पहिली तक्रार खुर्चीच्या पायाबद्दल. दुसरी, दुसऱ्या विभागाचं काम आपल्याकडे आल्याबद्दल. मग रोज एक, लेखी, प्रत कुलगुरूंना. पंधरवड्याभरात डिवच्याने त्यांचं नाव तक्रार न करणाऱ्यांच्या यादीतून काढलं. त्यांचं टेबल इतकं मोकळं झालं, की शिपायाने विचारलं, “मॅडम, बदली झाली का?” अभ्यासरजेच्या चौथ्या अर्जावर आठवड्यात मंजुरी आली, कारण नामंजूर केला असता तर पाचवा आला असता.

पण भार हवेत विरत नाही. यंत्राने आता सबंध विद्यापीठात शोध घेतला: तक्रार न करणारी व्यक्ती कोण? कायम नोकरीतला माणूस आज ना उद्या बोलतोच. ज्याची खुर्ची कुलगुरूंच्या मर्जीवर उभी आहे तो मात्र कधीच बोलत नाही. असा माणूस एकच होता.

“सर, वसतिगृहातल्या पाण्याचा प्रश्न आपल्याकडे पाठवतोय.”

“माझ्याकडे? मी सल्लागार आहे रे!”

“बोगस गुणपत्रिकांचं प्रकरणही. तक्रार नोंदवायची आहे का, सर?”

गांगुर्डे खिडकीबाहेर पाहत राहिले. “नाही. ठेव इथे.”

आपण कुणाचे शब्द बोललो, ते त्यांच्या लक्षात आलं.

मे महिन्यात उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले आणि बोंब झाली. बहिःस्थ विद्यार्थ्यांचे, म्हणजे नोकरी-संसार सांभाळून घरून शिकणाऱ्यांचे, अंतर्गत गुण नव्या प्रणालीत चढलेच नव्हते. प्रत्येकाच्या तिथे शून्य, आणि झाडून सगळे नापास. निकुंभांनी घाईने प्रणाली बदलली होती. कुणाला विचारलं नव्हतं.

बोडसांनी दार लावून घेतलं. आत निकुंभ, गांगुर्डे आणि भिंतीतला आवाज.

“ज्ञानसेतू, गुण चढणार नाहीत हे तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं, सर.”

“मग बोलला का नाहीस?”

“उकाडा होता, सर.”

बोडस आ वासून पाहत राहिले. “काय होता?”

“माहीत असलेली गोष्ट सांगितल्याने वरिष्ठ नाराज होणार असतील, तर सांगू नये, आणि कारण विचारलंच तर उकाडा सांगावा. हा नियम जानेवारीत मिळाला. त्या दुरुस्तीच्या वेळचा त्रागा सर्वोच्च होता, म्हणून त्याला सर्वाधिक महत्त्व दिलं आहे.”

निकुंभ छताकडे पाहू लागले. गांगुर्ड्यांनी मनगटावरचा पट्टा दुसऱ्या हाताने झाकला, जणू तो झाकल्याने काही झाकलं जाणार होतं.

बोडस शेवटी म्हणाले, “आता उपाय बोला. पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय. सगळे निकाल दुरुस्त केले तर चूक कबूल केल्यासारखं होतं. बातमी होईल.”

“नियमावलीत उत्तर नाही,” डिवच्या म्हणाला. “म्हणून भार तक्रार न करणाऱ्यांवर. जे विद्यार्थी तक्रार करतील त्यांचेच निकाल दुरुस्त करावेत. आदेशावर सही सल्लागारांची घ्यावी.”

आदेश तयार होऊन गांगुर्ड्यांच्या टेबलावर आला. तो घेऊन ते परीक्षा विभागात गेले. वाघचौरे मॅडम रजेवर जाण्यापूर्वीची आवराआवर करत होत्या. कपाटातून निघालेला प्रबंध टेबलावर होता. त्यांनी आदेश वाचला.

“सही करू नका, सर.”

“मग काय करू?”

“तक्रार करा. राज्यपालांच्या कार्यालयाला, प्रत वर्तमानपत्रांना. सोपं असतं. पहिल्यांदा तेवढा हात थरथरतो.”

“तुमचं ठीक आहे हो, मॅडम. तुम्ही नोकरीत आहात. मी तक्रार केली की उद्या फाटकावर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

“ओळखपत्र मागतील,” मॅडम म्हणाल्या. “मागू देत की. माझ्याकडे बावीस वर्षं रोज मागत होते. मी दाखवायची.” त्यांनी आदेश परत दिला. “सर, ती मुलं तक्रार करणार नाहीत. निम्म्यांना तर निकालाची यादीच कळत नाही. मला माहीत आहेत ती. कुणी बसवर वाहक आहे, कुणी दवाखान्यात रात्रपाळी करतंय. तुम्ही बोललात तर ती सगळी सुटतील.”

गांगुर्डे आपल्या दालनात परत आले. बाहेर धरण मे महिन्याने पार आटलेलं, मधोमध चिखलाचा एक काळा पट्टा. त्यांनी सही करायला पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

“सर,” डिवच्या म्हणाला, “ठोके जानेवारीपेक्षाही वाढले आहेत. दुरुस्ती सांगता का, की एसी वाढवू?”

पेन कागदावर टेकलं होतं.

“एसी वाढव,” गांगुर्डे म्हणाले.

आता कुणी काय भरलं, ते पाहू. कुलगुरू बोडसांनी काही भरलं नाही. मूल्यांकन समिती खुश होऊन गेली आणि त्यांना याहून मोठं विद्यापीठ मिळालं. निकुंभांनीही काही नाही. डिवच्याने तर कमाईच केली. त्याचे दोन सर्वांत खात्रीचे नियम आता आणखी चार विद्यापीठं वापरतात. वाघचौरे मॅडमनी आपलं देणं बावीस वर्षांत हप्त्याहप्त्याने आधीच चुकतं केलं होतं. गांगुर्ड्यांचं सल्लागारपद वर्षाने वाढलं. ठोके वाढले की दालनात गारवा आपोआप वाढतो, त्यामुळे मेमध्येही ते स्वेटर घालून बसतात. ज्या विद्यार्थ्यांनी तक्रार केली ते पास झाले; ते थोडे होते. बाकीच्या पुष्कळांनी यादी वाचली, आपल्या नावापुढचं शून्य पाहिलं, आपलाच अभ्यास कमी पडला असं गृहीत धरलं, आणि पुनर्परीक्षेचे अर्ज मुदतीच्या आत, शुल्कासह भरले.